आयर्लंडमधील ‘तारा’ ही प्राचीन राजभूमी : पुरातत्त्व आणि पुराकथा यांचा परस्परसंबंध

प्रस्तावना

आयर्लंडच्या पूर्व भागातील मीथ परगण्यात, डब्लिन शहराच्या वायव्येस सुमारे ४० किलोमीटर अंतरावर ‘तारा’ नावाची एक टेकडी आहे. तिची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे दीडशे मीटर. चढताना ती टेकडी आहे असे फारसे जाणवतही नाही. वर पोहोचल्यावर मात्र चोहोबाजूंचा सपाट, गवताळ प्रदेश दूरवर नजरेच्या टप्प्यात येतो. माथ्यावर राजवाडा नाही, देवालय नाही, पडक्या भिंतीही नाहीत. गवताने आच्छादलेली मातीची टेकाडे, वर्तुळाकार बांध, बुजत आलेले खंदक, एक उभा दगड, एकोणिसाव्या शतकातील एक चर्च आणि चरणाऱ्या मेंढ्या एवढेच तेथे दिसते. तरीही आयरिश परंपरेने या जागेला सर्व आयर्लंडच्या राजसत्तेचे आसन मानले आहे. आयरिश साहित्यात तारा हा शब्द स्थळनाम म्हणून जितका येतो, तितकाच तो ‘राजपद’ या अर्थानेही येतो.

या नावाचे मूळ आयरिश रूप ‘तेवर’ असे असून संस्कृत ‘तारा’ या शब्दाशी त्याचा काहीही संबंध नाही. ‘तेवर’ची व्युत्पत्ती ‘कापणे, वेगळे काढणे’ या अर्थाच्या धातूपासून लावली जाते. ग्रीक ‘तेमेनोस’ हा शब्द त्याच कुळातला. म्हणजे रोजच्या वापरातून वेगळी काढलेली, राखून ठेवलेली जागा. मध्ययुगीन आयरिश पंडितांनी मात्र निराळी व्युत्पत्ती दिली. आयर्लंड जिंकणाऱ्या एरेमॉन राजाच्या ‘तेआ’ नावाच्या पत्नीला येथे पुरले, तिच्याभोवती भिंत उभारली, म्हणून ‘तेआची भिंत’ ती तेवर. शब्दाची फोड करून कथा रचण्याची ही रीत भारतीय वाचकाला स्थलपुराणांमुळे परिचित आहे. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही व्युत्पत्ती निराधार आहे. परंतु निराधार व्युत्पत्तीही इतिहास घडवू शकते, आणि तेआ राणीच्या नावाने सुमारे नऊशे वर्षांनंतर या टेकडीवर खरोखरीची कुदळ कशी चालली हे पुढे येईलच.

ताराच्या अभ्यासातील मूळ अडचण ही की, तेथील जमीन आणि तेथील ग्रंथ हे दोन्ही साक्षीदार भरपूर बोलतात, पण एकाच काळाविषयी बोलत नाहीत. जमिनीतील सर्वांत जुनी रचना आणि तिच्याविषयी लिहिणारा पहिला लेखक यांच्यात सुमारे चार सहस्रकांचे अंतर आहे. हे अंतर विसरून एका साक्षीदाराच्या तोंडी दुसऱ्याची साक्ष घालण्याचे प्रयत्न वारंवार झाले.

ग्रंथातून जमिनीवर उतरलेली नावे

आज ताराला भेट देणाऱ्या अभ्यासकाच्या हाती जो नकाशा पडतो, त्यावर ‘राजांचा कोट’, ‘ओलिसांचे टेकाड’, ‘कॉर्मकचे घर’, ‘धर्मसभांचा कोट’, ‘मेजवानीचा महाल’ अशा अर्थाची नावे असतात. ही नावे त्या त्या रचनेला प्राचीन काळापासून अखंड चिकटून आली आहेत असा सर्वसाधारण समज होतो. वस्तुस्थिती तशी नाही. १८३० च्या दशकात आयर्लंडच्या भूमापन खात्यातर्फे जॉर्ज पेट्री आणि जॉन ओडॉनोव्हन या दोन विद्वानांनी जुनी आयरिश हस्तलिखिते हाती घेऊन टेकडीची पाहणी केली. ग्रंथात अमुक रचना तमुक रचनेच्या उत्तरेस आहे असे वर्णन आढळले, की जमिनीवर त्या जागी जे टेकाड दिसे त्याला ते नाव दिले गेले. पेट्रीचा ताराविषयक प्रबंध १८३९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आजची बहुतेक नावे त्यातूनच रूढ झाली.

पेट्रीचे काम त्याच्या काळाच्या मानाने असामान्य होते, हे निःसंशय. पण त्याने आधारासाठी घेतलेला ग्रंथसंग्रह कोणत्या प्रकारचा होता हे पाहणे आवश्यक ठरते. ‘दिनहेनखस’ म्हणजे स्थळांची परंपरागत माहिती. आयर्लंडमधील टेकड्या, नद्या, मैदाने यांची नावे कशी पडली हे सांगणाऱ्या गद्य-पद्य कथांचा हा संग्रह. त्यातील ताराविषयक एका महत्त्वाच्या काव्याचा कर्ता कूआन ऊआ लोखान हा होता. तो १०२४ मध्ये मरण पावला. मेल शेख्नाल या राजाशी त्याचे नाव जोडलेले आहे. या राजाने ९८० मध्ये तारा येथील लढाईत डब्लिनच्या नॉर्स सत्तेचा पराभव केला होता. परंतु १००२ मध्ये त्याला ब्रायन बोरू या दक्षिणेकडील प्रतिस्पर्ध्यापुढे सर्वोच्च राजपद सोडावे लागले. ताराचे राजपद शतकानुशतके आपल्याकडे असल्याचा दावा करणाऱ्या ई नेल घराण्याचा हा राजा. अशा वेळी त्याच्या कवीने ताराच्या एकेका दगडाला आणि टेकाडाला प्राचीन राजांची नावे देत जाणे ही केवळ हौस नव्हती. हातून गेलेल्या सत्तेचा तो वाङ्मयीन ताबा होता. पेट्रीने नकाशावर उतरवली ती अकराव्या शतकातील या राजकारणाची तारा. तिच्या आधीची नव्हे.

‘मेजवानीचा महाल’ हे याचे ठळक उदाहरण. टेकडीच्या उत्तर उतारावर सुमारे दोनशे मीटर लांबीचे दोन समांतर बांध आहेत. मध्ययुगीन हस्तलिखितांत ताराच्या महालातील पंक्तीची चक्क आकृती काढलेली आढळते. राजा कोठे बसे, कवी कोठे, न्यायदाता, वैद्य, सोनार, विदूषक कोठे आणि मांसाचा कोणता भाग कोणाच्या वाट्याला येई, हे सर्व तीत नोंदलेले आहे. समाजातील प्रतवारी समजून घेण्यासाठी ही आकृती अमूल्य आहे. परंतु तिच्या आधारे त्या दोन बांधांवर छप्पर घालणे हा कल्पनेचा भाग होता. आज बहुतेक पुरातत्त्वज्ञ ही रचना म्हणजे माथ्याकडे जाणारा मिरवणुकीचा मार्ग असावा असे मानतात.

येथे एका भारतीय संबंधाची नोंद करावयास हवी. दिनहेनखसच्या गद्य कथांचे एक महत्त्वाचे संपादन १८९४-९५ मध्ये प्रसिद्ध करणारे व्हिटली स्टोक्स हे १८६२ पासून वीस वर्षे भारतात होते. १८७७ ते १८८२ या काळात ते गव्हर्नर जनरलच्या कार्यकारी मंडळाचे कायदा सदस्य होते, आणि १८८२ ची दिवाणी व फौजदारी प्रक्रिया संहिता यांसारख्या कायद्यांच्या मसुद्यांत त्यांचा मोठा वाटा होता. त्यांचे काही आयरिश ग्रंथ तर कोलकात्यात छापले गेले. त्यांचे वडील विल्यम स्टोक्स हे पेट्रीचे मित्र आणि चरित्रकार. भारतीय विधिमहाविद्यालयांत ज्या संहितांच्या उत्तरावृत्त्या शिकवल्या गेल्या, त्यांचा एक मसुदाकार फावल्या वेळात ताराच्या राजांच्या कथा तपासत होता, ही गोष्ट आपल्याकडील विधी-इतिहासातही सहसा सांगितली जात नाही.

जमिनीने सांगितलेला काळ

विसाव्या शतकाच्या मध्यास शॉन पी. ओ रिअर्डॉन यांनी तारा येथे शास्त्रीय पद्धतीने उत्खनन केले. १९५२-५३ मध्ये ‘धर्मसभांचा कोट’ आणि १९५५-५६ मध्ये ‘ओलिसांचे टेकाड’ त्यांनी खोदले. १९५७ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर टेकाडाचे काम रुअरी द व्हॅलेरा यांनी १९५९ मध्ये पूर्ण केले. या उत्खननांचे अहवाल मात्र अनुक्रमे २००८ आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन पिढ्यांचे अभ्यासक अहवालाविना, ऐकीव माहितीवर तारा शिकवीत राहिले. उत्खनन म्हणजे पुरावा एकदाच वाचून नष्ट करणे. तो अर्धशतक अप्रकाशित राहणे हे पुरातत्त्वशास्त्राच्या इतिहासातील एक दुःखद पान म्हणावे लागेल.

अहवाल आले तेव्हा ग्रंथातील कालक्रम पार उलटापालटा झाला. मध्ययुगीन कथेनुसार ‘ओलिसांचे टेकाड’ हे कॉर्मक राजाने जिंकलेल्या मांडलिकांच्या ओलिसांशी निगडित. कथेतील कॉर्मकचा काळ इसवी सनाचे तिसरे शतक. प्रत्यक्षात ते टेकाड म्हणजे इ.स.पू. चौथ्या सहस्रकाच्या उत्तरार्धातील, नवाश्मयुगीन शेतकऱ्यांनी बांधलेली महापाषाणीय समाधी निघाली. आत सुमारे चार मीटर लांबीचा अरुंद दगडी मार्ग आहे. एका शिळेवर समकेंद्री वर्तुळे कोरलेली आहेत. आत आणि भोवताली शेकडो माणसांच्या दहन केलेल्या अस्थी मिळाल्या. त्यानंतर हजार-दीड हजार वर्षांनी, कांस्ययुगाच्या आरंभी, त्याच टेकाडाच्या मातीत पुन्हा दफने झाली. त्यातील एक पौगंडावस्थेतील मुलाचे आहे. इतर बहुतेकांचे दहन झाले असताना त्याला न जाळता पुरलेले होते, आणि त्याच्या गळ्यात कांसे, अंबर, काळा जेट दगड आणि काचमिश्रित फेयान्सचे मणी ओवलेली माळ होती. अंबर आणि फेयान्स यांचा माग आयर्लंडच्या बाहेर जातो. हा मुलगा कोणी राजपुत्र होता असे म्हणण्याचा मोह होतो. पण त्याच्या काळी तेथे ‘राजा’ होता काय, हेच ठाऊक नाही.

या समाधीच्या मार्गात नोव्हेंबर आणि फेब्रुवारीच्या आरंभी उगवत्या सूर्याची किरणे शिरतात. हे दोन्ही दिवस जुन्या आयरिश पंचांगातील ‘सावन’ आणि ‘इमोल्क’ या सणांच्या जवळचे. उत्तरकालीन ग्रंथांत ताराचा मोठा उत्सव सावनलाच होतो. त्यामुळे पाच हजार वर्षांची अखंड परंपरा सिद्ध झाली असे लोकप्रिय पुस्तकांतून सांगितले जाते. तसे म्हणण्यास पुरावा अपुरा आहे. सूर्याची दिशा कायम राहते. तिला दिला गेलेला अर्थ कायम राहिला असे गृहीत धरता येत नाही.

१९९२ पासून ‘डिस्कव्हरी प्रोग्रॅम’ या संशोधन संस्थेतर्फे कॉनर न्यूमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूभौतिक पद्धतीने, म्हणजे जमीन न खोदता तिच्या पोटातील फरक मोजून, संपूर्ण टेकडीचे सर्वेक्षण केले. त्याचा अहवाल १९९७ मध्ये आला. डोळ्यांना दिसणाऱ्या तीसहून अधिक रचनांखेरीज तितक्याच न दिसणाऱ्या रचना जमिनीखाली असल्याचे त्यातून उघड होत गेले. पुढे ‘ओलिसांच्या टेकाडा’ला आपल्या पोटात घेणारे, खंदक आणि प्रचंड खांबांच्या खड्ड्यांनी आखलेले, सुमारे १७० मीटर रुंदीचे एक रिंगण आढळले. त्याचा काळ नवाश्मयुगाच्या अखेरीचा मानला जातो. त्यानंतर इ.स.पू. पहिल्या शतकाच्या सुमारास ‘राजांचा कोट’ खोदला गेला. त्याचा परीघ सुमारे एक किलोमीटर. खंदक खडकात तीन मीटरपर्यंत खोल गेलेला.

या कोटाची एक गोष्ट फार बोलकी आहे. त्याचा खंदक आत आणि बांध बाहेर आहे. कोणत्याही गढीचा वा किल्ल्याचा खंदक शत्रूला अडवण्यासाठी बाहेर असतो. येथे तो आत आहे. जणू बाहेरच्यांना आत येऊ न देण्यापेक्षा आतले काही बाहेर पडू नये याची चिंता अधिक होती. शिवाय तो कोट आखताना त्या काळी तीन हजार वर्षांचे झालेले नवाश्मयुगीन टेकाड मुद्दाम आत घेतलेले दिसते. कोटाच्या मध्यभागी असलेल्या ‘फोरा’ नावाच्या रचनेनेही आपल्या बांधात कांस्ययुगीन लहान दफनटेकाडे सामावून घेतली आहेत. जुने पाडून नवे उभारण्याऐवजी जुन्याला वळसा घालून, त्याला पोटात घेऊन नवे उभारणे ही या टेकडीची रीत आहे. निवासी गढीशी साम्य आहे ते फक्त शेजारच्या ‘कॉर्मकच्या घरा’चे, तशा वर्तुळाकार गढ्या आयर्लंडमध्ये मध्ययुगाच्या आरंभी सर्वत्र होत्या.

‘धर्मसभांच्या कोटा’त इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील रोमन भांड्यांचे तुकडे, काच आणि शिशाची मुद्रा सापडली. रोमन सैन्याने आयर्लंड कधी जिंकले नाही, पण रोमन जगातील चैनीच्या वस्तू या टेकडीवर पोहोचल्या होत्या. तेथे कोणी प्रतिष्ठित लोक काही काळ वावरत होते एवढे त्यावरून निश्चित होते. अल्स्टरच्या राजांची पुराकथेतील राजधानी एवन माखा येथील पुरावाही याच दिशेने जातो. तेथे १९६३ ते १९७१ या काळात झालेल्या उत्खननात ४० मीटर व्यासाची एक लाकडी वास्तू आढळली. तिचा मधला ओक वृक्षाचा खांब वृक्षवलयांच्या मोजणीनुसार इ.स.पू. ९५ च्या अखेरीस वा पुढील वर्षाच्या आरंभी तोडलेला होता. ही वास्तू उभारून आत दगड भरण्यात आले, मग ती जाळून वर मातीचे टेकाड रचण्यात आले. तिच्यात कोणी राहिलेच नव्हते. वास्तू उभारून ती पुरून टाकणे हाच तेथील विधी होता.

राजा, भूमी आणि सत्यवचन

या स्थळांना ‘राजधानी’ म्हणणे चुकीचे असेल, तर ‘राजभूमी’ तरी का म्हणावे? याचे उत्तर ग्रंथांत आहे, मात्र ते इमारतींच्या वर्णनांत नसून राजपदाच्या कल्पनेत आहे. इतिहासकार डी. ए. बिन्ची यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले, की ‘ताराचा उत्सव’ ही मुळात वार्षिक संसद वा जत्रा नसून राजाच्या कारकिर्दीत एकदाच होणारा विवाहविधी होता. उत्सवासाठी वापरलेला ‘फेश’ हा शब्द ‘रात्र घालवणे, शयन करणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आला आहे. वधू म्हणजे प्रत्यक्ष भूमी, राजसत्तेची देवता. असा उत्सव केल्याची नोंद असलेला शेवटचा राजा दिअरमद मॅक केरवल याने तो ५६० च्या सुमारास केला. त्यानंतर ख्रिस्ती धर्माच्या प्रभावात तो बंद पडला. सातव्या शतकाच्या अखेरीस संत पॅट्रिकचे चरित्र लिहिणाऱ्या मुइरखूने ताराला बॅबिलोनची उपमा दिली, यावरून त्या जागेची धास्ती तेव्हाही संपली नव्हती असे दिसते.

ही देवता कथांतून अनेक रूपांनी येते. शंभर लढायांचा नायक कॉन राजा ताराच्या तटावर असताना त्याचा पाय एका दगडावर पडतो आणि दगड किंचाळतो. दगडाचे नाव ‘फॉल’. जितक्या किंकाळ्या तितके त्याचे वंशज राजे होणार. पुढे तो धुक्यात वाट चुकतो आणि एका अलौकिक महालात पोहोचतो. तेथे सोन्याचा मुकुट घातलेली तरुणी, म्हणजे आयर्लंडची राजसत्ता, त्याला पेय देते व प्रत्येक पेल्यागणिक हे पेय कोणाला द्यावे असे विचारत जाते. उत्तरादाखल ‘लुग’ हा देव भावी राजांची नावे सांगतो. ताराशी संबंधित दुसऱ्या एका देवीचे नाव मेव्ह. तिला पत्नी केल्याशिवाय कोणाला ताराचे राजपद लाभत नसे. ‘मेव्ह’ या नावाचे मूळ रूप मधापासून केलेल्या मादक पेयाशी निगडित असून संस्कृत ‘मधु’ हा शब्द त्याच इंडो-युरोपीय मुळातून आला आहे.

तौलनिक अभ्यासाला येथून वाट फुटते, आणि ती जपून चालावी लागते. आयरिश विद्वान माइल्स डिलन यांनी १९४७ मध्ये ‘सत्यक्रिया’ या भारतीय कल्पनेची आयरिश ‘राजाच्या सत्या’शी तुलना केली. त्यांचा ‘केल्ट्स अँड आर्यन्स’ हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९७५ मध्ये शिमल्याच्या भारतीय प्रगत अध्ययन संस्थेने प्रसिद्ध केला. इ.स. ७०० च्या सुमारास रचल्या गेलेल्या ‘मोरनचे मृत्युपत्र’ या राजनीतिपर ग्रंथात, राजाच्या सत्यामुळे पिके येतात, दुभते वाढते आणि संकटे टळतात असे प्रतिपादन आहे. ‘राजा कालस्य कारणम्’ या महाभारतातील विचाराची आठवण होणे स्वाभाविक आहे.

या कल्पनेची सर्वांत सुंदर कथा ताराच्या जमिनीलाच बांधलेली आहे. मॅक कॉन नावाचा राजा तारावर राज्य करीत असता राणीच्या नीळ देणाऱ्या झाडांचा मळा मेंढ्यांनी खाल्ला. मेंढ्या जप्त करून राणीला द्याव्यात असा निवाडा राजाने दिला. तेथे उपस्थित असलेला अनोळखी मुलगा म्हणाला की, हा न्याय नव्हे. मळा एकदा कापला गेला आहे, तेव्हा त्याच्या मोबदल्यात मेंढ्यांची लोकरही एकदाच कापून द्यावी, कारण दोन्ही पुन्हा वाढतात. हा मुलगा म्हणजे कॉर्मक. खोटा निवाडा झाला त्याच क्षणी राजाच्या घराची एक बाजू उतारावरून घसरली. पुढे वर्षभर गवत उगवले नाही, पाने फुटली नाहीत, धान्य पिकले नाही. लोकांनी मॅक कॉनला हाकलून दिले. टेकडीच्या पश्चिम कडेवर उतारावर झुकलेली दोन वर्तुळाकार टेकाडे आजही ‘कललेले खंदक’ म्हणून दाखवली जातात. पुरातत्त्वाच्या दृष्टीने ती दफनाशी संबंधित रचना असून न्यायालयाशी त्यांचा संबंध नाही. पण उतारावर झुकलेले बांध पाहून ज्यांनी ही कथा रचली, त्यांनी भूदृश्याचे एक वाचनच केले होते. राजसत्ता पायाखालच्या जमिनीला उत्तरदायी आहे हे सांगण्यासाठी त्यांना ती जमीनच हाताशी सापडली.

तथापि साम्य म्हणजे वारसा नव्हे. बाराव्या शतकात गिराल्डस कॅम्ब्रेन्सिस याने उत्तर आयर्लंडमधील एका राज्यारोहणात पांढऱ्या घोडीचा बळी दिला जात असल्याचे वर्णन केले आहे आणि अनेक संशोधकांनी त्याचा अश्वमेधाशी संबंध जोडला आहे. गिराल्डस हा आयर्लंड जिंकणाऱ्या नॉर्मनांचा पक्षपाती होता आणि जिंकलेल्यांना रानटी ठरवण्यात त्याचे हित होते, ही गोष्ट या तुलनेच्या उत्साहात अनेकदा बाजूला पडते.

उत्खननाचे राजकारण

एकोणिसाव्या शतकात तारा पुन्हा राजकीय रंगभूमी झाली. १७९८ च्या ब्रिटिशविरोधी उठावात २६ मे रोजी येथे बंडखोरांचा पराभव झाला होता. त्यांच्या थडग्यावर खूण म्हणून १८२४ मध्ये ‘लिया फॉल’ मानला जाणारा उभा दगड ‘ओलिसांच्या टेकाडा’जवळून हलवून ‘फोरा’वर रोवण्यात आला. आज पर्यटक त्याला ज्या जागी प्राचीन राज्याभिषेकाचा दगड म्हणून हात लावतात, ती जागा सुमारे दोनशे वर्षांची आहे. १५ ऑगस्ट १८४३ रोजी डॅनियल ओकॉनेल यांनी ब्रिटनशी झालेले एकीकरण रद्द व्हावे यासाठी येथे सभा घेतली आणि तिला लाखो लोक जमले. ताराच्या नावाला बाजारातही मोल आले. १८५० मध्ये समुद्रकिनारी बेटिसटाउन येथे सापडलेल्या मध्ययुगीन अलंकाराला एका जवाहिऱ्याने ‘तारा ब्रोच’ असे नाव दिले. टेकडीशी त्याचा काही संबंध नाही. नाव मात्र टिकले.

१८९९ ते १९०२ या काळात घडलेला प्रकार या सर्वांहून विलक्षण आहे. इंग्रज लोक हे इस्राएलच्या हरवलेल्या वंशांचे वारस आहेत असे मानणाऱ्या ‘ब्रिटिश इस्राएलाइट’ पंथाच्या मंडळींनी ‘धर्मसभांचा कोट’ खणावयास सुरुवात केली. बायबलमधील कराराचा कोश तेथे पुरलेला आहे अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांचा आधार काय? तर यिर्मया संदेष्ट्याने ‘तेआ तेफी’ नावाची यहुदी राजकन्या आयर्लंडला आणली ही कथा. आणि ही तेआ तेफी घडली होती दिनहेनखसमधील तेआ आणि तेफी या दोन स्त्रियांची नावे एकत्र करून. मध्ययुगीन पंडिताने शब्दाची फोड करून निर्माण केलेली राणी आता बायबलमध्ये जाऊन परतली होती आणि तिच्यासाठी इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांचे थर उलथेपालथे होत होते.

विरोधासाठी आर्थर ग्रिफिथ, मॉड गॉन, डब्ल्यू. बी. येट्स, डग्लस हाइड, जॉर्ज मूर पुढे आले. शेवटच्या तिघांचे निषेधपत्र जून १९०२ मध्ये लंडनच्या ‘द टाइम्स’मध्ये छापून आले. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त रचून ठेवलेली होळी मॉड गॉन यांनी आयर्लंडच्या नावाने पेटवून राष्ट्रगीते गायिली. उत्खनन थांबले. परंतु निषेध करणाऱ्यांच्या मनातील ताराही ग्रंथातलीच, कॉर्मक राजाची होती. वाचवले गेले ते टेकडीचे नाव. त्या कोटाच्या थरांचे झालेले नुकसान ओ रिअर्डॉन यांना पन्नास वर्षांनी पुन्हा चिवडावे लागले.

महामार्ग आणि स्मारकाची व्याख्या

ऑगस्ट २००३ मध्ये डब्लिनहून वायव्येकडे जाणाऱ्या ‘एम-३’ या मोटारवेला नियोजन मंडळाची मान्यता मिळाली. त्याचा मार्ग तारा आणि समोरची स्क्रीन टेकडी यांच्यामधील खोऱ्यातून, माथ्यापासून सुमारे दोन किलोमीटरवरून जाणार होता. शासनाची बाजू अगदीच पोकळ नव्हती. जुना रस्ता टेकडीच्या याहूनही जवळून जात होता, वाहतुकीची कोंडी खरी होती आणि कोणत्याही ज्ञात स्मारकावरून नवा मार्ग जात नव्हता. न्यूमन आणि एडेल व्राहनख यांसारख्या अभ्यासकांचे म्हणणे असे, की ‘ज्ञात स्मारक’ हे मापच येथे चुकीचे आहे. १९९० च्या दशकातील सर्वेक्षणांनी दाखवून दिले होते ते हेच, की तारा म्हणजे सुटी टेकाडे नसून त्यांना जोडणारी, खोऱ्यापर्यंत पसरलेली एक सलग भूमी आहे. कायदा मात्र रचना मोजतो. दोन रचनांमधील मोकळी जागा त्याच्या लेखी मोकळीच.

२००७ च्या आरंभी, रस्त्याचे काम सुरू होताना, लिसमुलिन येथे मार्गाच्या नेमक्या मध्यभागी खांबांच्या खड्ड्यांनी आखलेले, सुमारे ८० मीटर व्यासाचे लोहयुगीन रिंगण सापडले. नैसर्गिक खोलगट भागात ते असे बसवलेले होते की भोवतालच्या चढावरून आतील विधी पाहता यावेत. ते राष्ट्रीय स्मारक घोषित झाले. आणि १२ जून २००७ रोजी तत्कालीन मंत्री डिक रोश यांनी पद सोडण्याच्या सुमारास ‘नोंदीद्वारे जतन’ करण्याचा आदेश दिला. म्हणजे उत्खनन करून, मोजून, छायाचित्रे घेऊन ती जागा रस्त्यासाठी मोकळी करावयाची. नव्या मंत्र्यांच्या काळातही तो निर्णय कायम राहिला. ‘वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड’ने २००८ च्या धोक्यातील शंभर स्थळांच्या यादीत ताराचा समावेश केला, कवी शेमस हीनी यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. ४ जून २०१० रोजी मोटारवे वाहतुकीस खुला झाला.

त्यानंतर नऊ महिन्यांनी, मार्च २०११ मध्ये, युरोपीय न्यायालयाने आयर्लंडविरुद्ध निकाल दिला. अस्तित्वात असलेल्या रचना पाडण्याच्या कामांना पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यांकनातून वगळणारी आयरिश तरतूद युरोपीय कायद्याशी विसंगत ठरली. युरोपीय आयोगाने हे प्रकरण उचलून धरले त्यात लिसमुलिनचा वाटा होता. २०१२ मध्ये ‘लिया फॉल’वर हातोड्याचे घाव घालण्यात आले, २०१४ मध्ये त्यावर रंग ओतण्यात आला. जुलै २०२२ मध्ये आयर्लंडने जागतिक वारसा नामांकनासाठी केलेल्या प्राथमिक यादीत ‘आयर्लंडची राजस्थाने’ हा गट घेतला. त्यात तारा आहे. लिसमुलिनचे रिंगण आता अहवालाच्या पानांवर आहे, आणि त्या खोलगट जागेवरून दिवसभर डब्लिनकडे गाड्या जातात.